अकरा समानार्थी, दहा स्वल्पविराम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावरचे रोज एक इंग्रजी शब्द देणारे सदर मी नेमाने वाचतो. शाळा सुटून जमाना झाला, तरी वाचतो. गेल्या मंगळवारी त्यात 'लाइन' हा शब्द होता. वर ठळक अक्षरांत अर्थ दिला होता, 'रेषा, ओळ, रांग'. खाली समानार्थी शब्द म्हणून एकापुढे एक अकरा शब्द मांडले होते: रो, क्यू, रँक, फाइल, स्ट्राइप, स्ट्रोक, कॉर्ड, स्ट्रिंग, बाउंडरी, रिंकल, ट्रॅक. मध्ये दहा स्वल्पविराम, शेवटी पूर्णविराम, विषय संपला. माझी तक्रार त्या दहा स्वल्पविरामांबद्दल आहे.

त्यांनी काय केले ते आमच्या गल्लीतच पाहायला मिळाले. शेजारची मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. तिला रेशन दुकानावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायची होती. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका असे बाईंनी बजावलेले, म्हणून तिने तुमचे कात्रण पुढ्यात घेतले आणि लिहिले, 'पीपल वेअर स्टँडिंग इन अ स्ट्राइप'. म्हणजे लोक पट्ट्यात उभे होते. पुढच्या वाक्यात, 'द रिंकल वॉज व्हेरी लाँग'. सुरकुती फार लांब होती! घरात सगळे हसले, ती रडकुंडीला आली. पोर हुशार आहे. छापलेल्यावर विश्वास ठेवला एवढेच तिचे चुकले, आणि छापलेल्यावर विश्वास ठेवावा असे तिला आपणच शिकवतो.

साहेब, समानार्थी शब्द हे शब्दाला नसतात, अर्थाला असतात. 'लाइन'ला अकरा समानार्थी आहेत हे म्हणणेच बरोबर नाही. लाइनला अनेक अर्थ आहेत आणि त्या एकेका अर्थापुरता एखाददुसरा शब्द तिच्या जवळ येऊन उभा राहतो. रेशन दुकानापुढच्या लाइनजवळ 'क्यू' आहे, कपाळावरच्या लाइनजवळ 'रिंकल' आहे. क्यू आणि रिंकल यांचा आपसात काडीचाही संबंध नाही. स्वल्पविराम मात्र सांगतो की दोघे सख्खे भाऊ.

हे मी ठासून सांगतो, कारण मी रेल्वेत गार्ड होतो. (२०२२ पासून या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, मी त्याआधीच निवृत्त झालो, त्यामुळे मॅनेजर व्हायचे राहिले.) आमच्या भुसावळात 'लाइन' हा शब्द जितका वापरला जातो तितका लंडनमध्येही वापरत नसतील. पण आम्ही तो एका अर्थाने कधीच वापरला नाही.

'लाइन क्लिअर' घ्या. पुढच्या स्टेशनचा मास्तर मागच्या स्टेशनला कळवतो की आधीची गाडी माझ्याकडे पूर्ण आली आहे, मधला सेक्शन मोकळा आहे, आता तुमची पाठवा. ही लाइन क्लिअर. इथे लाइन म्हणजे दोन स्टेशनांमधला मोकळा असलेला किंवा नसलेला पट्टा. गाडी 'पूर्ण आली' हे मास्तर कशावरून ठरवतो? शेवटच्या डब्याच्या पाठीवर 'एलव्ही' अशी पाटी असते, म्हणजे 'लास्ट व्हेइकल', आणि रात्री लाल दिवा. ती पाटी आणि तो दिवा जागेवर आहेत की नाही हे पाहणे गार्डाचे काम. वाटेत कपलिंग तुटून चार डबे मागे राहिले तर पाटीही त्यांच्याबरोबर मागे राहते. मास्तरला बिनशेपटीची गाडी दिसते आणि तो लाइन क्लिअर देत नाही. आता तुमच्या यादीप्रमाणे लाइनच्या जागी 'ट्रॅक' घालून पाहा. ट्रॅक म्हणजे रूळ, स्लीपर, खडी. कीमन खांद्यावर हातोडा टाकून रोज बघत जातो तो. ट्रॅक ठणठणीत असून लाइन क्लिअर नसू शकते. या दोन शब्दांतला फरक कळला नाही तर एका गाडीवर दुसरी गाडी जाते.

'लाइन बॉक्स'मधली लाइन आणखी तिसरीच. ती गार्डाची लोखंडी पेटी. तिच्यात लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे फटाके, नियमांचे पुस्तक. इथे लाइन म्हणजे रूळ नव्हे, मुख्यालय सोडून बाहेरची ड्यूटी. दारावर कोणी आले तर घरचे सांगत, 'लाइनवर गेलेत', आणि ऐकणाऱ्याला समजे की आज रात्री काही येत नाहीत. रेल्वे कॉलनीत हे वाक्य लहान पोरेही बोलत. त्यांना कोणी समानार्थी शब्द शिकवले नव्हते.

'लूप लाइन'वर मालगाडी उभी करतात, एक्स्प्रेस मेन लाइनने निघून जाते. साहेबांशी न पटलेल्या माणसालाही 'लूप लाइनला टाकले' म्हणतात. आणि 'ताप्ती लाइन' किंवा पाचोरा-जामनेरची 'पीजे' म्हटले की लाइन म्हणजे अख्खा मार्ग, त्यावरच्या स्टेशनांसकट, गर्दीसकट. पीजेचे रूळ अवघे ७६२ मिलिमीटर अंतराचे होते, आमच्या ब्रॉडगेजचे १,६७६. दोन्ही लाइनच. पोलिसांच्या पाटीवर 'लोहमार्ग' लिहिलेले असते, तुमच्या बातमीत 'तिसरी मार्गिका' असते, आम्ही 'थर्ड लाइन' म्हणतो. तिन्ही आपापल्या जागी शोभतात. उद्या कोणी 'मी लोहमार्गाने नंदुरबारला गेलो' म्हणाला तर त्याची तब्येत विचारावी लागेल.

इतके अर्थ एका शब्दात कसे काय मावले, याची मला निवृत्तीनंतर चुटपुट लागली. शब्दकोश चाळले. उत्तर निघाले जवसात! लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणतात. जवसाचे शास्त्रीय नाव आजही लिनम युसिटाटिसिमम असेच आहे. त्याच्या खोडाच्या तंतूंपासून धागा निघतो, त्या धाग्याची दोरी ती 'लिनिआ', आणि तिच्यावरून 'लाइन'. आपण जवस कुटून चटणी करतो, युरोपने त्याचे कापड विणले. ते लिनन. कोटाला आतून लिननचे कापड लावायचे, म्हणून अस्तराला 'लायनिंग'. जवसाच्या तेलापासून फरशीवर अंथरायचे 'लिनोलियम' झाले. म्हणजे पाटबंधारे खाते कालव्याचे 'अस्तरीकरण' करते, किंवा आमच्या भावाने शेततळ्यात कागद अंथरला, त्या कामाला इंग्रजीत जो शब्द आहे तो याच जवसाच्या घरचा. तुमच्या यादीत हा अर्थ नाहीच. क्रियापद म्हणून 'लाइन'चा तो एक मोठा अर्थ आहे आणि त्याला समानार्थी म्हणून त्या अकरांपैकी एकही चालणार नाही.

मूळ अर्थ दोरी हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्याकोपऱ्याला खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये सुतळी ताणतो आणि ओरडतो, 'लाइनदोरी ढिली पडली, ताण!' बिचाऱ्याला माहीत नाही की तो दोरीलाच दोनदा दोरी म्हणतोय, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. त्या ताणलेल्या दोरीखाली फक्की टाकली की जमिनीवर उमटते ती रेघ. दोरीच्या धाकाने रोपे लावली की ओळ. माणसे उभी केली की रांग. दोरीच्या अलीकडे तुझे, पलीकडे माझे म्हटले की हद्द. दोरी तीच आहे, तिच्याकडून घेतलेले काम वेगळे. युक्लिडने तर ती दोरी इतकी बारीक केली की तिला रुंदीच उरली नाही, नुसती लांबी. आपल्या शाळेच्या भूमितीतली 'रेषा'ही तशीच बिनरुंदीची, शिवाय दोन्हीकडे न संपणारी. वहीत पट्टीने काढतो तो खरे तर रेषाखंड. आणि 'स्ट्राइप'ला तर रुंदी असावीच लागते. वाघाच्या अंगावर पट्टे असतात, रेषा नसतात. आठवीच्या मुलीला एवढे सांगितले तरी ती माणसांना पट्ट्यात उभे करणार नाही.

'रो' आणि 'क्यू' यांच्यातही फरक आहे. 'रो' शेजारी-शेजारी असते: नाट्यगृहातल्या खुर्च्या, वर्गातली बाके. ती पुढे सरकत नाही. 'क्यू' एकामागे एक असतो आणि सरकतो, निदान सरकावा अशी अपेक्षा असते. हा फ्रेंच शब्द, त्याचा मूळ अर्थ शेपूट. इंग्रज 'क्यू' म्हणतो, अमेरिकन 'लाइन' म्हणतो, आपण अमेरिकेला न विचारताच 'लाइन लावा' म्हणू लागलो. 'रँक' आणि 'फाइल' फौजेतले. खांद्याला खांदा लावून आडवे उभे ती रँक, पाठीमागे पाठ ती फाइल. एनसीसीच्या पोराला विचारा, तो झोपेतही चुकणार नाही. 'स्ट्रोक' हा कुंचल्याचा किंवा पेनाचा एक फटकारा, त्याबद्दल जास्त बोलण्यासारखे नाही.

'बाउंडरी'बद्दल मात्र आहे. जम्मू-काश्मीरमधल्या रेषेला १९७२ च्या सिमला करारापासून 'नियंत्रण रेषा' म्हणतात. तिला 'सीमा' म्हणत नाहीत. कारण सीमा म्हटले की भांडण मिटले, दोघांनी मान्य केले, असा अर्थ होतो. तिथे एका समानार्थी शब्दाची अदलाबदल केली तर दिल्लीत खुर्च्या हलतील. तुमच्या यादीत मात्र या दोघी मैत्रिणी म्हणून बसल्या आहेत. आपल्या गावातसुद्धा हा भेद आहेच. दोन वावरांमध्ये बांध असतो, दोन गावांमध्ये शीव, आणि मोजणीवाला येतो तेव्हा तो हद्द दाखवतो. बांध कोरला म्हणून भाऊबंद कोर्टात जातात. शीव कोरली असे कोणी ऐकले आहे का? दारिद्र्यरेषा तर कुणी मारलेली दिसतही नाही, पण तिच्या अलीकडे की पलीकडे यावर रेशनकार्ड पिवळे की केशरी हे ठरते.

इंग्रजीचे सोडा, 'रेषा, ओळ, रांग' हे मराठी तीन शब्दही तुम्ही एकाच स्वल्पविरामात बांधले. काळ्या दगडावरची असते ती रेघ, रेषा नव्हे. हातावर मात्र रेषा. पाटीवर पोर मारते त्या रेघोट्या. कवितेच्या ओळी असतात, सातपुड्याची रांग असते (तिथे इंग्रज 'लाइन' न म्हणता 'रेंज' म्हणतो). जेवायला बसलेल्यांची पंगत. लग्नात भरीत वाढायला आलेला पोऱ्या 'ही रांग राहिली' म्हणत नाही, 'ही पंगत राहिली' म्हणतो. वावरात नांगराचे तास असते. कपडे वाळत घालायची वलणी, भिंत ओळंब्यात आहे का ते पाहायला ओळंबा. क्रिकेटमध्ये मधली फळी कोसळते. आणि दूर गेलेल्या पोराला आई म्हणते, 'चार ओळी लिहीत जा'. नेमके याच अर्थाने इंग्रज 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणतो. एवढे भांडार घरात असताना मुलांना 'रेषा, ओळ, रांग' या तिघांवर भागवायला लावणे बरे नाही.

याच पानावर मागे एका वाचकाने लिहिले होते की 'लाइन' हा शब्दच मराठीतून हाकलावा आणि 'वाहिनी' म्हणावे. त्यांचा हेतू चांगला आहे. पण त्यांनी एकदा यावल-रावेरकडच्या केळीच्या बागेत येऊन जावे. तिथे लाइन म्हणजे वीज. 'या आठवड्यात दिवसाची लाइन आहे का रात्रीची?' यावर शेतकऱ्याची झोप ठरते. रात्रीची असली तर बॅटरी घेऊन वावरात जायचे, मोटर चालू करायची, ठिबकची मेन, सबमेन फिरून बघायची. अमळनेरकडे अहिराणीत विचारतात, 'लाईन उनी का रे?' आता हे वाक्य 'या आठवड्यात रात्रीची वाहिनी आहे' असे केले, तर ऐकणारा टीव्ही लावेल. वाहिनी रक्ताची असते, बातम्यांची असते, पाण्याची असते. म्हणजे हाकलायला आणलेल्या शब्दालाही तोच आजार. शिवाय इंग्रजाच्या 'लाइन'मध्ये वीज येत-जात नाही. त्याच्याकडे 'पॉवर' जाते. हा अर्थ आपण घडवला, त्याला इंग्रजी कोशातला समानार्थी शब्द मिळायचाच नाही. तसेच 'मुलाला कोणत्या लाइनला घातले?' हा प्रश्न. सायन्स, आयटीआय, पोलीस भरती, काय वाटेल ते उत्तर येते. इंग्रजीत याच्या जवळ 'लाइन ऑफ वर्क' आहे, पण मुलाला त्याच्यात 'घालायची' सोय नाही.

तुम्ही वर्तमानपत्रवाले, म्हणून दोन शब्द तुमच्या घरचे. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख छापता ती 'डेटलाइन'. भूगोलाच्या पुस्तकात १८० अंश रेखावृत्ताच्या आसपासून जाते तीही डेटलाइन, पण तिथे मराठीने शहाणपणा केला आणि तिला 'वाररेषा' म्हटले. विद्यार्थ्याला एक अर्थ माहीत असला तर दुसऱ्या ठिकाणी तो अडखळणार. दुसरा शब्द 'डेडलाइन'. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत एक बुटका कठडा घातलेला. कैद्याने तो ओलांडला की वरच्या मचाणावरचा गार्ड गोळी घालायचा. (तो गार्ड वेगळा, आम्ही वेगळे, त्या शब्दाचाही एकदा समाचार घ्या.) ती डेडलाइन. आपण 'अंतिम मुदत' म्हणतो, त्यात मरण नाही, आणि ते बरेच आहे. पण हा किस्सा एकदा ऐकलेला मुलगा तो शब्द जन्मात विसरणार नाही.

मोठी जागा मागत नाही. आहे त्याच चौकटीत अकराच्या ऐवजी तीन अर्थ द्या. प्रत्येक अर्थाला एक साधे वाक्य आणि त्या वाक्यात चालेल असा एकच समानार्थी शब्द. 'रेशन दुकानापुढे मोठी लाइन होती' : इथे क्यू. 'तिच्या कपाळावर लाइन्स दिसू लागल्या' : इथे रिंकल. 'गवंड्याने दोन खुंट्यांमध्ये लाइन ताणली' : इथे स्ट्रिंग. बाकीचे आठ शब्द गेले तर जाऊ द्या. वाटल्यास एक न चालणारे वाक्यही द्या, काट मारून. मुले चुकीचे वाक्य जास्त आवडीने वाचतात.

आजच्या सदराच्या तळाशी उद्याचा शब्द 'चार्ज' असे छापले आहे. तो स्वल्पविरामांत सापडायच्या आत एवढे पाठवून ठेवतो. त्याचे मूळ चाकांच्या गाडीत आहे. लॅटिनमध्ये गाडीला 'कॅरस', आणि गाडीवर ओझे लादण्याच्या क्रियेतून 'चार्ज' आला. मोबाइल चार्ज होतो, त्यात भार भरला जातो. नवा अधिकारी चार्ज घेतो तो पदभार. पोलिसांच्या चार्जशीटला आरोपपत्र म्हणतात. लाठीचार्जला आपण लाठीमार म्हणतो. आणि वीजबिल काढून पाहा, त्यावर 'स्थिर आकार', 'वहन आकार' असे छापलेले असते. तिथे चार्जला 'आकार' म्हटले आहे, आणि तो आकार गोल की चौकोनी असे आमच्या शेजारच्या त्याच मुलीने मला विचारले आहे. तिला उत्तर दिले. वाक्ये कमी पडली तर कळवा, आणखी पाठवतो.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)